टेस्टोस्टेरॉनचे उपचार सुरू असताना दारू: पेग भरण्याआधी काय तपासायचं, काय पाळायचं

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू आहे, रविवारी दोन पेग घेतले तर चालतील का? डॉक्टरांच्या केबिनमध्ये हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. बायको शेजारी बसलेली असते, नाहीतर डॉक्टर ओरडतील अशी भीती असते. मग तो जिममध्ये, मेडिकलच्या काउंटरवर किंवा मित्रांच्या बैठकीत विचारला जातो आणि उत्तरही तिथलंच मिळतं, "काही होत नाही रे, घे." घरी विचारलं तर उलट ऐकायला मिळतं, "औषध चालू आहे ना? मग थेंबही नको, रिअ‍ॅक्शन येईल."

दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. मेट्रोनिडाझोलसारख्या काही औषधांवर दारू घेतली की उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असा तडकाफडकी त्रास होऊ शकतो. टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत तसं काही होत नाही. इंजेक्शन असो, जेल असो की कॅप्सूल, त्याची दारूशी थेट टक्कर होत नाही. पण ज्या तक्रारींसाठी हे उपचार सुरू केले, म्हणजे थकवा, सुटलेलं पोट, मंदावलेली इच्छा, उडालेली झोप, त्यातली प्रत्येक तक्रार दारू वाढवते. शिवाय उपचारांचे जे दुष्परिणाम डॉक्टर लक्ष ठेवून सांभाळत असतात, त्यांतल्या बऱ्याचशांना दारू हातभार लावते. इंजेक्शनवर पैसे खर्च करायचे आणि त्याचा परिणाम ग्लासात घालवायचा, असं ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पहिलं पाऊल: टेस्टोस्टेरॉन कमी आहे ते दारूमुळे तर नाही?

उपचार अजून सुरू झाले नसतील तर हा भाग नीट वाचा. माझ्या मते संपूर्ण विषयात सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं.

वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना लायडिग पेशी म्हणतात. भरपूर दारू पोटात गेली की या पेशींचं काम मंदावतं. मेंदूतून वृषणाला 'कामाला लाग' असा निरोप नेणारं एलएच हे संप्रेरकही कमी होतं. म्हणजे कारखानाही मंद आणि वरून येणारी ऑर्डरही कमी. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये वृषणं आक्रसतात, स्तनांची वाढ होते, दाढीमिशा विरळ होतात. पण रोजच्या पिणाऱ्यातही हे सगळं दिसू लागण्याच्या खूप आधी रिपोर्टमधला आकडा खाली आलेला असू शकतो.

आता समजा, शनिवारी रात्री लग्नाच्या हळदीत मनसोक्त झाली, रविवार झोपेत गेला आणि सोमवारी सकाळी लॅबवाल्याला घरी बोलावून रक्त दिलं. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन २६० आलं. हा आकडा तुमचा नेहमीचा आहे की त्या हळदीचा, हे कागद बघून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून एका रिपोर्टवर उपचार सुरू करायचे नसतात. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा धरली आहे. तिच्या खाली दोन वेगवेगळ्या सकाळी आकडा आला आणि सोबत लक्षणंही असली, तरच कमतरता म्हणायची. सकाळ यासाठी की दिवसभरात सकाळीच हा आकडा सर्वांत वर असतो. रक्त साधारण सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावं.

मी यात एक भर घालेन. नियमित पिणाऱ्याने दुसरी तपासणी तीन-चार आठवडे अजिबात न पिता करावी. आपल्याकडे यासाठी सोय आयतीच आहे. वर्षभर पिणारे कितीतरी जण गटारी झाली की श्रावण पाळतात. मग श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात, उपवास नसलेल्या दिवशी सकाळी रक्त द्या. नेहमीसारखं जेवण-झोप सुरू असताना, दारूविना महिना काढल्यावर जो आकडा येईल, तो खरा तुमचा. काहींचा आकडा तेवढ्यानेच वर येतो आणि आयुष्यभराचं इंजेक्शन टळतं. नाही आला, तरी उपचार नेमके कशासाठी घेतोय हे पक्कं होतं.

इथे एक इशारा मात्र फार महत्त्वाचा आहे. रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त पिणाऱ्याने हा प्रयोग स्वतःच्या मनाने, एका झटक्यात करू नये. सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, एक घोट घेतला की बरं वाटतं, असं ज्याचं आहे त्याने तर अजिबातच नाही. शरीराला सवय झालेली दारू अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, तापासारखी अवस्था होऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. अशांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधारानेच थांबावं.

दुसरं पाऊल: तुमचा पेग नक्की किती ग्रॅमचा?

"डॉक्टर, दोनच पेग घेतो." घरात ओतलेला पेग कधी मापून बघितला आहे का? एकदा बघा. स्वयंपाकघरातलं खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घ्या, नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखी दारू ओता आणि मग ती झाकणाने मोजा. 'एक पेग' म्हणून ओतलेली दारू बऱ्याचदा ६० किंवा ७० मिलिलिटर भरते.

आपल्याकडे मोजणीसाठी १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाणित ड्रिंक धरतात. व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर सहसा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशोबाने ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे एक ड्रिंक. ६० चा मोठा पेग म्हणजे दोन. ९० ची निप म्हणजे तीन. १८० ची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम, सहा ड्रिंक. गोव्याची काजू फेणी याच ताकदीची असते. उराक साधारण १५ टक्क्यांचा असतो, पण तो ग्लास भरून पितात, म्हणून 'हलका आहे' या समजुतीत हिशोब चुकतो.

सगळ्यात मोठा गैरसमज बिअरचा आहे. ६५० मिलिलिटरच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे "मी फक्त बिअर पितो" म्हणणारा माणूस दोन बाटल्यांत आठ छोटे पेग पितो, क्वार्टरपेक्षा जास्त. ५ टक्क्यांच्या साध्या बिअरची तीच बाटली अडीच ड्रिंकची, ३३० ची पाइंट सव्वा ड्रिंकची. वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास दीड ड्रिंकचा.

महिनाभर लिहून ठेवा. मोबाइलच्या नोट्समध्ये तारीख आणि ग्रॅम, एवढंच. ही नोंद पुढे डॉक्टरांना दाखवायची आहे.

मग किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कोणतंच प्रमाण नाही. ब्रिटनमध्ये आठवड्याला १४ युनिटची मर्यादा सांगतात. तिथलं युनिट ८ ग्रॅमचं असल्यामुळे आपल्या मापात ते आठवड्याचे साधारण अकरा छोटे पेग झाले, तेही तीन-चार दिवसांत विभागून. टेस्टोस्टेरॉनवर असलेल्या माणसाला मी याहून कमी सांगेन: एका बैठकीत दोन छोटे पेग, आठवड्यात दोनच दिवस, आणि तेही पुढच्या पावलातल्या एकाही यादीत तुम्ही बसत नसाल तर. हे माझं मत आहे, कुठल्या नियमावलीतलं वाक्य नाही. तुमच्या डॉक्टरांनी त्याहून कमी सांगितलं तर त्यांचंच ऐका.

तिसरं पाऊल: कुणी अजिबात घेऊ नये

लिव्हर सिरॉसिस, हिपॅटायटिस बी किंवा सी, फॅटी लिव्हर आणि सोबत लिव्हरच्या चाचणीत वाढलेलं एसजीपीटी, पूर्वी झालेला स्वादुपिंडदाह, खूप वाढलेली ट्रायग्लिसराइड, औषधानेही आटोक्यात न आलेला रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, उपचार न केलेला स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं), हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ५० च्या वर. यातलं एकही असेल तर उत्तर शून्य आहे. दारू एकदा सुटलेली आहे अशांसाठीही शून्यच. टेस्टोस्टेरॉन सुरू झाल्यावर अंगात जोम येतो, 'आता मी ठीक आहे, एखादा चालेल' असं वाटू लागतं. नेमक्या त्याच काळात जपायला हवं.

मूल हवं असेल तर विषयच वेगळा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू एलएच आणि शुक्राणू बनायला लागणारं एफएसएच ही संप्रेरकं पाठवणं थांबवतो आणि शुक्राणू कमी होतात, काहींचे अगदी शून्यावर येतात. वर दारूही शुक्राणूंचं नुकसान करते. लग्न ठरलेल्या किंवा मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या तरुणाने इंजेक्शन घेण्याआधीच डॉक्टरांना हे सांगावं. त्यांच्याकडे दुसरे मार्ग असतात.

चौथं पाऊल: धोका कुठे दुप्पट होतो ते समजून घ्या

"आता तर बाहेरूनच घेतोय, मग दारूने माझं टेस्टोस्टेरॉन कमी कसं होणार?" हा युक्तिवाद हुशारीचा वाटतो आणि त्यात अर्ध सत्य आहेही. इंजेक्शन सुरू झालं की वृषणाचं उत्पादन तसंही थंडावतं, त्यामुळे दारू तिथे आणखी काय बिघडवणार? पण बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन रक्तात गेल्यावर पुढे त्याचं काय होतं, यावर दारूचा हात असतोच.

चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं विकर असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात करतं. पोट जितकं सुटलेलं, तितकं हे रूपांतर जास्त. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये सात कॅलरी असतात, म्हणजे एका क्वार्टरच्या चारशेच्या वर, चकणा वेगळा. नियमित भरपूर पिण्याने हे रूपांतर आणखी वाढतं. छातीत दुखरी गाठ लागली, निपल हुळहुळू लागले की काही जण जिममधल्या सल्ल्यावरून इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या अ‍ॅनास्ट्रोझोलच्या गोळ्या सुरू करतात. कृपया तसं करू नका. इस्ट्रोजेन फार खाली गेलं की हाडं ठिसूळ होतात. आधी दारू आणि पोट कमी करा, आणि गाठ डॉक्टरांना दाखवा.

सिरॉसिससारख्या आजाराने लिव्हर बिघडलं की एसएचबीजी नावाचं प्रथिन वाढतं. ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं. मग रिपोर्टमध्ये एकूण आकडा छान दिसतो, पण पेशींना वापरायला मोकळं टेस्टोस्टेरॉन कमीच उरतं. आकडा बरा आहे तरी बरं वाटत नाही, असं होत असेल आणि लिव्हरची तक्रार असेल, तर फ्री टेस्टोस्टेरॉनबद्दल विचारा.

आता रक्ताकडे या. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का. तो ५४ च्या वर गेला की डॉक्टर डोस कमी करतात किंवा उपचार थांबवतात, कारण दाट रक्ताला गुठळ्यांचा धोका असतो. दारू लघवी वाढवते आणि शरीरातलं पाणी कमी करते. दारूच्या दुसऱ्या दिवशी, कोरड पडलेल्या शरीराचं रक्त तपासलं तर हिमॅटोक्रिट उगाच वर दिसू शकतं. त्यातही एप्रिल-मे मध्ये, नागपूरच्या किंवा जळगावच्या उन्हात दिवस काढून संध्याकाळी बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

झोपेचा विषय तर याहून मोठा. घोरता का? घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो आणि मग धाप लागल्यासारखं जाग येते, असं घरचे सांगतात का? हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. दारूने घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास जास्त वेळा अडतो. टेस्टोस्टेरॉननेही हा त्रास काहींमध्ये वाढतो. रात्रभर प्राणवायू कमी पडला की शरीर त्याची भरपाई म्हणून तांबड्या पेशी आणखी बनवतं, म्हणजे हिमॅटोक्रिट पुन्हा वर. सकाळी माणूस उठतो तो थकलेलाच. मग तो डॉक्टरांकडे जाऊन म्हणतो, "इंजेक्शनचा असर होत नाही, डोस वाढवा." डोस वाढवून ही थकावट जाणार नाही. तिचं मूळ रात्री अकराच्या ग्लासात आणि अडलेल्या श्वासात आहे. त्यामुळे डोस वाढवून मागण्याआधी महिनाभर दारू बंद करून झोप कशी लागते ते बघा आणि घोरण्याची तपासणी करून घ्या.

हृदयाचं काय? २०२३ मध्ये 'ट्रॅव्हर्स' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४५ ते ८० वयाचे, हृदयरोग असलेले किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष त्यात होते. टेस्टोस्टेरॉन जेलने हार्ट अटॅक किंवा पक्षाघात वाढल्याचं दिसलं नाही, ही दिलाशाची गोष्ट. पण एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडणं, जेलवाल्या गटात जास्त दिसलं. फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाणही जास्त होतं. आणि एका बैठकीत भरपूर पिण्याने ठोके बेताल होतात, हे डॉक्टर कित्येक वर्षं बघत आले आहेत. सुट्टीच्या दिवशी प्यायल्यावर धडधड घेऊन येणाऱ्या रुग्णांवरून त्याला 'हॉलिडे हार्ट' असं नावच पडलं आहे. म्हणून मला वाटतं, टेस्टोस्टेरॉनवर असलेल्या माणसाने आठवडाभर संयम ठेवून ३१ डिसेंबरला किंवा गटारीला सगळी कसर भरून काढणं, ही सर्वांत वाईट पद्धत आहे.

रक्तदाबही दोन्हींनी वाढू शकतो. वर खारे शेंगदाणे, फरसाण, पापड आणि बोंबील फ्रायचं मीठ. घरी मशीन असेल तर बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तदाब मोजून त्याच नोंदीत लिहा.

पाचवं पाऊल: तुमचं औषध कोणतं, त्यानुसार काळजी

टेस्टोस्टेरॉन एनांथेट किंवा टेस्टोस्टेरॉनच्या चार प्रकारांचं मिश्र इंजेक्शन दर दोन-तीन आठवड्यांनी घेत असाल, तर पहिल्या काही दिवसांत पातळी उंच जाते आणि शेवटी खाली येते. उंचीच्या दिवसांत काहींची चिडचिड वाढते. त्यात दारू घातली की साध्या बोलण्याचं भांडण होतं. घरच्यांना विचारा, ते तारीख सांगू शकतील. पुढच्या वेळी इंजेक्शननंतरचे तीन-चार दिवस कोरडे ठेवा. शेवटच्या दिवसांत मन उतरतं, ते सावरायला ग्लास उचलला जातो. तसं होत असेल तर ग्लास उचलण्याऐवजी डोसमधलं अंतर बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

अनडेकेनोएटचं १००० मिलिग्रॅमचं मोठं इंजेक्शन सुरुवातीच्या दोन डोसनंतर साधारण १० ते १४ आठवड्यांनी देतात. चार मिलिलिटर दाट तेल असतं ते, खुब्यात अगदी सावकाश, दोन मिनिटं तरी लावून द्यावं लागतं. क्वचित त्या तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जातात आणि लगेच खोकला, धाप, छातीत आवळल्यासारखं, घाम, चक्कर असा त्रास होतो. म्हणून इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं असतं. आदल्या रात्रीची उतरली नसेल किंवा इंजेक्शन घेऊन थेट पार्टीला जायचं असेल, तर ही लक्षणं ओळखता येणार नाहीत. त्या दिवशी दारू नकोच.

तोंडाने घ्यायची अनडेकेनोएट कॅप्सूल लसिकावाहिन्यांतून शरीरात शोषली जाते आणि त्यासाठी जेवणात तेल-तूप लागतं. बैठक लांबते, चकण्यावर पोट भरतं, जेवण राहतं आणि कॅप्सूल नुसत्या पाण्याबरोबर गिळली जाते. मग ती जवळजवळ वाया जाते. जेवणं सकाळ-संध्याकाळ वेळेवर, कॅप्सूल जेवणाबरोबर, आणि प्यायचीच असेल तर जेवणानंतर.

जेल वापरणाऱ्यांना दोन गोष्टी. जेलमध्येच अल्कोहोल असतं आणि ते पेट घेऊ शकतं, त्यामुळे पूर्ण वाळेपर्यंत सिगारेट पेटवू नका. दुसरी गोष्ट घरातल्यांच्या सुरक्षेची. खांद्यावर, दंडावर लावलेलं जेल दुसऱ्याच्या त्वचेला लागलं तर औषध त्याच्या शरीरात जातं. लहान मुलांमध्ये यामुळे वयाआधी गुप्तांगाची वाढ, केस येणं असे प्रकार घडले आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००९ मध्ये त्यासाठी ठळक इशारा छापायला लावला. प्यायल्यावर माणूस बनियन काढून झोपतो आणि मूल कुशीत येतं, किंवा सकाळी डोकं जड असताना जेल लावून हात धुवायचे राहतात आणि त्याच हाताने मुलाला उचललं जातं. म्हणून जेल सकाळी अंघोळीनंतर लावा, साबणाने हात धुवा, वर बाहीचा शर्ट घाला, आणि जेल लावलेल्या दिवशी रात्री घरी शर्ट अंगातच राहू द्या.

जिममध्ये 'कोर्स' म्हणून मिळणाऱ्या स्टॅनोझोलोल, मेथँडिएनोनसारख्या गोळ्यांना वरचं काहीच लागू नाही. त्या उपचार नव्हेत. लिव्हरमध्ये टिकून राहण्यासाठी त्यांची रासायनिक रचना बदललेली असते आणि म्हणूनच त्या लिव्हरला थेट इजा करतात. त्यांच्या जोडीला दारू म्हणजे काविळीला आमंत्रण. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर गोळ्या आणि दारू दोन्ही बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेस्टोस्टेरॉन आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायचं औषध आहे. चिठ्ठीविना मिळालेल्या कुपीत खरं काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

ट्रान्स पुरुष हेच औषध वेगळ्या कारणासाठी घेतात, पण हिमॅटोक्रिट, रक्तदाब, झोप आणि जेलबद्दलची सगळी काळजी त्यांनाही तशीच लागू आहे.

सहावं पाऊल: बाकीच्या गोळ्यांचा डबा तपासा

टेस्टोस्टेरॉन एकटं क्वचितच असतं. पन्नाशीच्या माणसाच्या गोळ्यांच्या डब्यात मधुमेहाची, रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची गोळी असतेच, आणि दारूची खरी टक्कर बहुतेकदा त्यांच्याशी होते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी प्यायलं तर मध्यरात्री साखर धोकादायकरीत्या उतरते, आणि बरोबरच्यांना वाटतं, चढली आहे. टेस्टोस्टेरॉननेही साखर थोडी खाली येऊ शकते, त्यामुळे जुना डोस जास्त पडू शकतो. मेटफॉर्मिनवर भरपूर दारू घेतली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो.

लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल आणि दारू एकत्र आली की रक्तदाब एकदम पडून चक्कर येऊ शकते. वॉरफरीनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी असेल, तर टेस्टोस्टेरॉनही तिचा परिणाम वाढवतं आणि दारूही गडबड करते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी, केल्याशिवाय काहीच करू नका. आणि हँगओव्हरला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेणं टाळा. प्यायलेल्या पोटात ती रक्तस्राव घडवू शकतात. पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेणंही लिव्हरसाठी वाईट.

सातवं पाऊल: त्या संध्याकाळी

जेवून बसा. भाकरी, डाळ, अंडी, मासे, काहीही चालेल, पण पोटात अन्न हवं. मापाचं झाकण किंवा पेग मेजर टेबलावर ठेवा आणि स्वतःचा ग्लास स्वतः भरा. मित्राने 'टॉप अप' केलेला ग्लास मोजता येत नाही. प्रत्येक पेगनंतर एक ग्लास साधं पाणी. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच अल्कोहोल निस्तरतं. लिंबूपाण्याने, काळ्या कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने तो वेग वाढत नाही. झोपण्याआधी तीन तास थांबलात तर झोप बऱ्यापैकी वाचते. म्हणून आठला सुरुवात, नऊला शेवट.

आठवं पाऊल: तपासणीचं वेळापत्रक

सुरुवातीला, मग तीन ते सहा महिन्यांनी, आणि पुढे वर्षाला एकदा: टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट आणि चाळिशीच्या पुढे पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी). पिणाऱ्यांनी यात लिव्हरच्या चाचण्या, त्यातही जीजीटी, आणि लिपिड प्रोफाइल जोडावं. दारूमुळे जीजीटी आणि ट्रायग्लिसराइड लवकर वाढतात, म्हणून नोंदवही आणि रिपोर्ट शेजारी ठेवले की खरं चित्र दिसतं. रक्त देण्याआधी किमान तीन दिवस दारू नको, आणि आदल्या दिवशी पाणी भरपूर.

रक्त केव्हा द्यायचं हेही औषधावर ठरतं. दोन-तीन आठवड्यांचं इंजेक्शन असेल तर दोन इंजेक्शनांच्या मधोमध. तीन महिन्यांचं असेल तर पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी. जेल असेल तर लावल्यानंतर दोन ते आठ तासांत. लॅबच्या माणसाला हे माहीत नसतं, तुम्हीच तारीख ठरवायची.

छातीत दुखणं, अचानक धाप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणं, तासाभरात न थांबणारी बेताल धडधड, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी: यातलं काहीही झालं तर दारू उतरण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आणि टेस्टोस्टेरॉन चालू आहे व किती प्यायलात हे दोन्ही स्पष्ट सांगा.

ठरवूनही हात आवरत नसेल तर

चार प्रश्न स्वतःला विचारा. कमी करायला हवी असं कधी वाटलंय का? कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनात खंत वाटते का? सकाळी उठल्या उठल्या कधी घ्यावी लागली आहे का? दोन उत्तरं 'हो' असतील, तर आधी दारूचे उपचार घ्या, टेस्टोस्टेरॉनचं नंतर बघता येईल. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मन फार खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६. दोन्ही फोन मोफत आहेत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दारू सुटल्यावर झोप, वजन आणि इच्छा बऱ्याच जणांची आपोआप सुधारते, आणि कधी कधी टेस्टोस्टेरॉनचा आकडाही.

पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: महिन्याची ग्रॅममधली नोंद, सगळ्या गोळ्यांची यादी आणि घरी मोजलेल्या रक्तदाबाचे आकडे. बायकोसमोर बोलायला अवघड जात असेल तर आत गेल्यावर "दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आहे" असं सांगा, डॉक्टरांना ते नवीन नसतं. मग थेट विचारा: माझं हिमॅटोक्रिट आणि लिव्हरचे आकडे बघता मी किती घेऊ शकतो, की अजिबातच नको?